आरओ यंत्राचे अकरा महिने आणि काळी नळी

मागच्या ऑगस्टमध्ये, गौरी-गणपतीच्या आधी, आम्ही पाणी शुद्ध करणारे 18,500 रुपयांचे आरओ यंत्र घेतले. गेल्या आठवड्यात ते बंद पडले आणि आईने माळ्यावरचा दोन कँडलचा स्टीलचा फिल्टर घासून पुन्हा ओट्यावर मांडला.

यंत्राची चव, टाकी, दिवे याबद्दल तक्रार नाही. माझे लक्ष पहिल्या दिवसापासून वाया जाणारे पाणी सोडणाऱ्या काळ्या नळीवर खिळले. मोजून पाहिले, तेव्हा पिण्याचे 10 लिटर पाणी भरेपर्यंत मोरीतल्या बादल्यांत 31 लिटर पाणी साठले होते. फरशी, भांडी आणि कुंड्या यांना वापरूनही ते उरते, आणि धरणातला साठा घटला की पाणीकपात सोसणाऱ्या पुण्यात ते ओतून देताना जीव तुटतो. त्यातही पालिकेच्या, खडकवासल्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, माझ्या मीटरवर 92 आला. भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि टीडीएस त्याहून कमी असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच केंद्राला सांगितले होते. विक्रेत्याने मात्र आमच्या घरी पाणी कोणते येते, एवढेही विचारले नाही.

एप्रिलमध्ये मला मत बदलावे लागले. सोसायटीत बोअरचे टँकर सुरू झाले, मीटर 860 दाखवू लागला आणि चहासुद्धा मचूळ लागे. विरघळलेले क्षार उकळून किंवा कँडलने जात नाहीत. यंत्राने मात्र तो आकडा 70 वर आणला. ते दोन महिने यंत्र नसते, तर आम्ही पाण्याचे जार विकत घेतले असते, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

त्याच क्षारांनी मेंब्रेन, म्हणजे यंत्रातला क्षार अडवणारा पडदा, चोंदले, असे आता मेकॅनिक म्हणतो. वॉरंटीचा महिना शिल्लक असूनही मेंब्रेन हा झिजणारा भाग असल्याचे सांगून कंपनीने 3,200 रुपये मागितले. हा नियम विकताना कोणीही सांगितला नव्हता, म्हणून मी तीनदा भांडलो, पण उपयोग झाला नाही.

टँकर थांबले आहेत. पावसाळ्यातले गढूळ पाणी कँडलमधून गाळून आम्ही चांगले खळखळून उकळतो, कारण कँडल विषाणू खात्रीने अडवत नाही आणि टीडीएसचा मीटर जंतू दाखवत नाही. नवे मेंब्रेन मी मार्चमध्ये, पुन्हा टँकर येण्याच्या सुमारास बसवीन. तोवर ते 3,200 रुपये घरातच राहतील.