गेन मीटरने लावला, त्याला आठ महिने झाले

माझ्या गाडीच्या डिकीत आज वाजतो तो दहा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खोल, खालचे सूर वाजवणारा स्पीकर, खरे तर दुसरा आहे. पहिला सात आठवडेच टिकला. कोल्हापूरहून रत्नागिरीला परतताना आंबा घाटात त्याचा आवाज घोगरा झाला आणि साखरप्याला चहासाठी थांबून डिकी उघडली, तेव्हा जळक्या वार्निशचा वास नाकात गेला. बसवणाऱ्याने ॲम्प्लिफायरवरचा गेन कानाने लावला होता, म्हणजे ‘आता कसं वाटतंय?’ असे विचारत, मी मान डोलावेपर्यंत स्क्रू फिरवला होता. वर बेस बूस्ट, म्हणजे खालचे सूर आणखी फुगवणारे बटण, तेही पूर्ण चढवले होते. मान मीच डोलावली, त्यामुळे सगळा दोष त्याला देत नाही.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलच्या व्होल्टेजशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालणे, एवढेच त्याचे काम. तो गरजेपेक्षा चढवला की ॲम्प आपल्या मर्यादेला जाऊन टेकतो, लहरींचे माथे सपाट होतात आणि व्हॉइस कॉइलमध्ये (स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्यात) झेपणार नाही इतकी उष्णता साठते. बेस बूस्टचे ६ डेसिबल म्हणजे त्या कंपनसंख्येला चौपट वॅटची मागणी, हे मला कॉइल जळाल्यावर कळले.

नवा सबवूफर ३०० वॅट आरएमएस (म्हणजे सतत झेपणारे वॅट), ४ ओहमचा घेतला आणि या वेळी मल्टिमीटर घेऊन स्वतः बसलो. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचे वर्गमूळ सुमारे ३४.६; ॲम्पच्या आउटपुटवर एवढे एसी व्होल्ट हवेत. सबवूफरच्या तारा सोडवल्या, बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर आणले, लो पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचेच सूर पुढे सोडणारा) पूर्ण वर नेला, इंजिन चालू ठेवले, स्टिरिओचा आवाज ४० पैकी ३२ वर ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावला आणि काटा ३४ च्या थोडा पुढे जाईपर्यंत गेन सावकाश वाढवला. स्क्रू निम्म्याच्याही अलीकडे थांबला, तेव्हा पैसे वाया गेले असेच मनात आले. मग फिल्टर ८० हर्ट्झवर आणून गावच्या शिमग्याच्या ढोलाचे रेकॉर्डिंग लावले. पूर्वी नुसती घरघर ऐकू यायची, आता टिपरूचा प्रत्येक घाव सुटा कानावर येतो. मित्रांना अजूनही ‘दणका कमी’ वाटतो, आणि बाहेर उभे राहून ऐकणाऱ्याला तो कमी आहेही.

मीटरची एक उणीव सांगायला हवी: तो व्होल्ट दाखवतो, लहर फाटली आहे की नाही ते दाखवत नाही. ॲम्पचे वॅट कागदावरच मोठे असतील, तर हे गणित फसते. लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मिळाल्यास तोच वापरावा.

खरा त्रास पावसाळ्यात झाला. ऑगस्टमध्ये मोठ्या आवाजात बेस पुन्हा फाटू लागला. गेन जागचा हलला नव्हता. वाजत असताना ॲम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले, तर जवळपास एक व्होल्ट मधल्यामध्ये पडत होता. डिकीतला अर्थचा स्क्रू खाऱ्या हवेने तांबडा झाला होता. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, नवा दातेरी वॉशर घातला, कसून आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. तेव्हापासून आवाज स्वच्छ आहे. येत्या मेअखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, तो स्क्रू पुन्हा उघडून पाहणार आहे.