क्लोनझिला: आठ महिने वापरल्यावर

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, हँडबिलं. मार्चमध्ये पीसीची ५०० जीबीची हार्ड डिस्क अडखळायला लागली. विंडोज नव्याने टाकणं तासाभराचं काम. पण इतक्या वर्षांचे फॉन्ट, कीबोर्ड लेआउट, कटरचं सेटिंग पुन्हा बसवायचं म्हणजे ऐन लग्नसराईत आठवडा गेला असता. म्हणून अख्खी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर (नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर) उतरवायचं ठरवलं.

क्लोनझिला म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेलं. पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून पीसी चालू करायचा. माउस विसरा, बाणाची बटणं, स्पेस आणि एन्टर. रूप अगदी जुन्या एसटी आरक्षणाच्या खिडकीतल्या संगणकासारखं.

पहिल्याच फेरीत सी ड्राइव्हवर येऊन अडलं. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर शटडाउन करूनही विंडोज अर्धवट झोपेतच असतं आणि तसं पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा एकेक भाग) क्लोनझिला घेत नाही. ते बंद केलं, तर दुसरी अडचण: एसएसडी ४८० जीबीची. डेटा जेमतेम १४० जीबी, तरी नवी डिस्क जुनीपेक्षा लहान म्हणून नकार. मग विंडोजमध्ये डी ड्राइव्ह आकसून घेतला, एक्स्पर्ट मोडमध्ये जाऊन ‘आयसीडीएस’ नावाचा पर्याय निवडला (अंगणवाडीच्या त्याच नावाच्या योजनेशी संबंध नाही, डिस्कचा आकार तपासू नको एवढाच अर्थ) आणि त्याच्या जोडीला ‘के१’, म्हणजे पार्टिशनं नव्या डिस्कच्या मापात बसतात.

सगळ्यात घाम फुटतो तो शेवटच्या प्रश्नाला. एसडीए आणि एसडीबी अशी दोन डिस्कची नावं दिसतात, यातली कुठली डिस्क पुसायची? उलटं निवडलं तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर उतरणार, संपलं. कंपनीचं नाव आणि जीबी तिथेच लिहिलेले असतात. मी ते कागदावर उतरवले, दोनदा वाचले, मग वाय (म्हणजे हो) दाबलं. ते पुन्हा विचारतं. पुन्हा वाय. पाऊण तासात पीसी नव्या डिस्कवरून सुरू, फॉन्टसकट.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला बाहेरच्या डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची साठवून ठेवलेली नक्कल, घेतो. क्लोनझिला फक्त वापरलेली जागा घेऊन ती दाबून ठेवतं, त्यामुळे एक टीबीच्या डिस्कवर बऱ्याच महिन्यांच्या मावतात.

सप्टेंबरात एका अपडेटनंतर विंडोज उठेचना. पूर्ण डिस्क परत न टाकता ‘रिस्टोअरपार्ट्स’मधून फक्त सी ड्राइव्ह टाकला, वीस मिनिटांत दुकान चालू. डी वरचं काम शाबूत. पण डेस्कटॉप सी वरच असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिथे ठेवलेल्या सहा पत्रिका गेल्या, रात्री बसून पुन्हा जुळवल्या. आता रोज संध्याकाळी ‘काम’ फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करतो, तेही हाताने.

माझी खरी तक्रार दुसरीच. परवा एक काकू आल्या. एप्रिलमध्ये थोरलीची पत्रिका केली होती, आता धाकटीची, मजकूर तोच, नावं बदला. ती फाइल मी पावसाळ्यात साफसफाईत उडवली होती. मेच्या इमेजमध्ये होती खरी, पण इमेज उघडून त्यातली एकच फाइल काढायची सोय मेनूत नाही. जास्तीची एक डिस्क पडून होती, तिच्यावर अख्खी इमेज उतरवली, दीड एमबीच्या एका फाइलसाठी. तासभर काकू बाकावर बसून चहा पीत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अहो, एवढ्या वेळात नवी टाइप झाली असती की!”