निवासी योगशिबिर: पैसे वसूल कशात झाले आणि कशात नाही

गेले होते कंबरेसाठी, सुधारली ती झोप. कंबरही मोकळी झाली, नाही असं नाही, पण माहितीपत्रकात तिच्याबद्दल जे छापलं होतं त्याच्या निम्मंही घडलं नाही. तरी मी या शिबिराला पाचात चार तारे देतेय. का देतेय ते जरा सविस्तर सांगते. 'मन प्रसन्न झालं, नवी ऊर्जा मिळाली' छापाचे अभिप्राय जाण्याआधी मी भरपूर वाचले होते आणि त्यातून काडीचा बोध झाला नव्हता.

माझं काम दिवसभर पडद्यापुढे बसून हिशेब तपासण्याचं. घरी व्हिडिओ लावून आसनं बरीच वर्षं चालू आहेत. सूर्यनमस्कार येतात, पश्चिमोत्तानासनात हात पायाच्या अंगठ्यांना लागतात. मग शिबिरात जाऊन वेगळं काय मिळणार, हा प्रश्न घरच्यांनीही विचारला होता. उत्तर पहिल्याच सकाळी मिळालं.

ताडासन चालू होतं. म्हणजे मी नुसती उभी होते. शिक्षिका समोर आल्या आणि चेहरा सोडून पायांकडेच बघत राहिल्या. मग खाली बसल्या, माझ्या उजव्या अंगठ्याखाली कागदाचा कपटा सरकवला आणि अलगद ओढून घेतला.

"ताई, हा अंगठा जमिनीवर नाहीच."

डाव्या अंगठ्याखालचा कपटा मात्र निघेना. उजवीकडचं सगळं वजन टाचेच्या बाहेरच्या कडेवर, गुडघा मागे ताणलेला, त्यामुळे कंबरेत खळगा. अंगठ्याचा तळ टेकवला, गुडघा किंचित सैल सोडला, आणि कंबरेतली ती सततची ओढ तिथल्या तिथं कमी झाली. गायब नाही, कमी. बँकेच्या रांगेत, गॅसपुढे, लिफ्टची वाट बघताना, मी दिवसाकाठी कितीदा तरी उभी राहते आणि दर वेळी तशीच उभी राहत आले. व्हिडिओतल्या बाईला माझा अंगठा दिसत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी शिबिराला जा म्हणेन.

तिथं पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांचा सढळ वापर होता. ही साधनं आसनांत रुजवली ती बी.के.एस. अय्यंगार यांनी. माझ्या शेजारचे काका पहिल्यांदा ठोकळा घ्यायला लाजले, "आपल्याला नको आधार" म्हणाले. त्रिकोणासनात हात ठोकळ्यावर टेकवल्यावर त्यांची छाती जी उघडली, त्यानंतर ठोकळा कुणाला देईनात. मागच्या रांगेतला एक तरुण सारखा शीर्षासनाच्या मागे होता. त्याला शिक्षिकांनी शांतपणे सांगितलं की अख्ख्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, त्यातलं पहिलंच 'स्थिरसुखमासनम्'. "तुमचं स्थिरही नाही आणि सुखही नाही, खाली या." आम्ही हसलो, तोही हसला.

श्वासाच्या सत्राबद्दल मला फारशी उत्सुकता नव्हती, आणि तेच सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. आम्हाला हळूहळू सहाच्या आसपास आणलं, जबरदस्ती न करता, उच्छ्वास थोडा थोडा लांबवत. मनगटावर बोटं ठेवून बसायचं. श्वास आत घेताना नाडी किंचित पळते आणि सोडताना मंदावते, हे बोटांना कळतं. त्यात गूढ काही नाही, हृदयाला आवरणारी व्हेगस नर्व्ह उच्छ्वासाच्या वेळी जास्त जोरात काम करते. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःची नाडी आपल्या हुकमानं उतरताना बोटाखाली जाणवणं वेगळं. भ्रामरीचंही, म्हणजे श्वास सोडताना गुणगुणण्याचंही, तसंच. गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड एरवीच्या जवळजवळ १५ पट होतो, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजून दाखवलं होतं. त्यानं माझं काय भलं झालं ते मी सांगू शकत नाही. भ्रामरीनंतर डोक्यातली बडबड थांबते, एवढं सांगू शकते.

आता झोप. फोन संध्याकाळी जमा. दिवे लवकर मंद. रात्री योगनिद्रा, तीत निम्मे लोक उघड घोरायचे आणि शिक्षिका म्हणायच्या, लागली तर लागू द्या. सकाळी उजाडताच सगळे बाहेर, मोकळ्यावर. सकाळचा उजेड आणि उठण्याची ठरलेली वेळ शरीराच्या घड्याळाला लागतेच, त्यामुळे श्रेय योगाला किती द्यायचं आणि फोन काढून घेणाऱ्या माणसाला किती, हे मला वेगळं करता येत नाही. कदाचित फोनवाल्यालाच जास्त. पण घरी आपला फोन आपल्याकडून कोण काढून घेतो?

आणखी एक सुख, ज्याची जाहिरात कुणी करत नाही: काही ठरवावं लागत नाही. काय रांधायचं, कधी निघायचं, कुणाला परत फोन करायचा, काहीच नाही. घंटा वाजली की जायचं, ताट समोर आलं की जेवायचं. घर चालवणाऱ्या बाईला हे किती मोठं आहे ते तिलाच माहीत. दुसऱ्या कुणी वेळापत्रक केलंय आणि आपण फक्त हजर राहायचं, यानं जो मेंदू रिकामा होतो तो कुठल्याही आसनानं होत नाही.

तारा कुठे कापला?

'डिटॉक्स' या भागासाठी मुख्यतः. जलनेती शिकवली, चांगली शिकवली. पाणी उकळून कोमट केलेलं, अर्ध्या लिटरला साधारण एक छोटा चमचा मीठ, नंतर नाक नीट कोरडं करायचं. नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही हे ठासून सांगितलं, त्याबद्दल शाबासकी. सर्दीच्या दिवसांत मी अजून करते. पण त्यापाठोपाठ 'शरीरातली विषं बाहेर पडतात' हे व्याख्यान झालं, ते काही पटलं नाही. यकृत आणि मूत्रपिंडं ते काम न सांगता करत असतात. नाक स्वच्छ होतं म्हणा की, तेवढं पुरे आहे.

दुसरं, दुपारचं सत्र. सकाळी मोजकी माणसं, दुपारी दोन गट एकत्र आणि शिक्षक एकच. त्यातच वेगवान कपालभाती. समोरच्या बाई उच्च रक्तदाबाच्या गोळ्या घेतात हे आम्हाला जेवताना कळलं होतं, शिकवणाऱ्याला ठाऊक नव्हतं. भरती होताना आजारांचा अर्ज लिहून घेतला होता, तो बहुधा कार्यालयातच राहिला. मी उठून सांगितलं, तेव्हा त्यांना बाजूला बसवून साधा श्वास करायला दिला. हे कुणी शिबिरार्थीनं सांगायची वेळ यायला नको होती.

मौनाचे तास छान होते, ते छायाचित्रकार येईपर्यंत. मौनात 'इकडे बघा, थोडं हसा' कसं चालतं?

कंबरेचं खरं काय ते सांगते. जुनाट कंबरदुखीवर योगाचा परिणाम तपासणारा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१७ चा आढावा म्हणतो की काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांच्या हालचालीत थोडी ते मध्यम सुधारणा होते. काहींचं दुखणं वाढतं, हेही त्यातच आहे. माझा अनुभव याच मापाचा. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागत नाही. जड पिशवी उचलली की अजून कळ येते. शिबिरात दुखणं मुळासकट जातं असं कुणी म्हणालं तर तिथं पैसे भरू नका.

परत आल्यावर काय टिकलं? अंगठा टिकला. झोपण्याआधीचा लांब उच्छ्वास टिकला. पहाटे उठणं आठवडाभरात बारगळलं आणि त्राटकासाठी, म्हणजे ज्योतीकडे टक लावून बघण्यासाठी, आणलेली मेणबत्ती वीज गेल्यावर कामी येते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवते, निदान बऱ्याचदा.

जाणार असाल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: एका शिक्षकामागे किती माणसं असतात, सगळ्या सत्रांत की फक्त सकाळच्या? आणि आजारांचा अर्ज शिकवणारा स्वतः वाचतो का? काचबिंदू, वाढलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नावच नोंदवू नका. तिथं पोचल्यावरही ज्याच्या हाताखाली आहात त्याला तोंडानं सांगा, अर्जाच्या भरवशावर राहू नका. वेळापत्रक मागवून घ्या आणि त्यात मोकळा वेळ दिसतो का ते बघा. पहाटेपासून रात्रीपर्यंत ठासून भरलेलं असेल तर घरचीच दगदग तिथं जाऊन कराल.

मॅट मात्र आपली न्या. तिथल्या मॅटना वास येतो.