होल्ड झकास काढतं, चार्टची तारीख मात्र लपवून ठेवतं

इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर न बघता नुसत्या यंत्रांवर विमान उडवण्याच्या परवान्याची) तयारी चालू आहे म्हणून हे ॲप घेतलं, सहा महिने जवळजवळ रोज वापरतोय, त्यामुळे दोन दिवस बघून पाच स्टार ठोकणाऱ्यांतला मी नाही. तीन स्टार देतोय, आणि तिन्ही होल्डिंगच्या भागाला.

होल्ड, म्हणजे पुढे जायची परवानगी मिळेपर्यंत हवेत एका ठरलेल्या बिंदूपाशी लांबट फेऱ्या मारत राहणं, कागदावर अगदी पोरखेळ वाटतो. फिक्सवर (त्या ठरलेल्या बिंदूवर) या, उजवीकडे वळा, एक मिनिट लांब जा, परत वळा, एक मिनिट आत या (१४,००० फुटांच्या वर असाल तर दीड मिनिट). वळण सेकंदाला ३ अंश, म्हणजे वारा नसेल तर चार मिनिटांत एक फेरी पूर्ण. पण कंट्रोलर भराभर बोलत असतो आणि आपण एका हाताने लिहून घेत असतो तेव्हा डोक्यातलं चित्र उलटं होतं, माझं तर हमखास व्हायचं. व्हीओआरच्या (जमिनीवरच्या दिशादर्शक रेडिओ केंद्राच्या) पूर्वेला ०९० रेडियलवर (केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या ०९० अंशांच्या रेषेवर) होल्ड म्हटलं की मी इनबाउंड कोर्स (फिक्सकडे यायची दिशा) ०९० धरून मोकळा, प्रत्यक्षात तो २७०! ॲपमध्ये रेडियल आणि आपलं हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) टाकलं की ते फेरीचा पूर्ण रेसट्रॅक काढून दाखवतं, वर एंट्री (होल्डमध्ये शिरायची पद्धत) कुठली तेही सांगतं. याच होल्डला ०६० हेडिंगने आलात तर टिअरड्रॉप (तिरकं बाहेर जाऊन मग वळून येणं), आणि गंमत म्हणजे टिअरड्रॉपचं हेडिंगही ०६०च, म्हणजे फिक्स ओलांडून नाकासमोर जात राहायचं, काहीच करायचं नाही. ११० ने आलात तर पॅरलल (समांतर बाहेर जाऊन मग वळून येणं). हे स्क्रीनवर बोट फिरवून वीस-पंचवीस वेळा बघितल्यावर डोक्यात जे बसलं ते पुस्तकातल्या आकृत्यांनी कधी बसलं नव्हतं.

वाऱ्याचा भाग तर फारच भारी. इनबाउंडला ५ अंश डावीकडे करेक्शन लागत असेल तर आउटबाउंडला (फिक्सपासून लांब जाताना) १५ अंश उजवीकडे, हे तिप्पटीचं गणित मी नुसतं पाठ केलेलं, का ते माहीत नव्हतं. ॲपमध्ये फेरीचे चार तुकडे वेगवेगळ्या रंगात दिसतात आणि मग कळतं की दोन्ही वळणांत आपण करेक्शन देतच नाही, त्या दोन मिनिटांत वाऱ्याने जेवढं ढकललं तेही आउटबाउंडच्या एका मिनिटाने फेडायचं असतं. स्वतःचं एक, वळणांची दोन, झाले तीन. स्पीड लिमिट एफएएचं (अमेरिकेच्या विमान नियामकाचं) की आयकाओचं (आंतरराष्ट्रीय विमान संघटनेचं) हेही निवडता येतं, ते बरं केलंय.

क्विझ मात्र उगाच कडक आहे राव. सेक्टरच्या (कुठल्या हेडिंगला कुठली एंट्री हे ठरवणाऱ्या भागांच्या) सीमेवर दोन्ही बाजूंना ५-५ अंशांची सूट असते, त्यात कुठलीही एंट्री चालते, पण इथे वरच्याच होल्डला ०८८ हेडिंगला (सीमा ०९०) पॅरलल म्हटलं की लाल फुली. सुरुवातीला मला वाटलं मीच चुकतोय.

आता चार्ट. अप्रोच चार्ट (उतरायला येण्याचा मार्ग दाखवणारे नकाशे) एआयरॅक सायकलवर (माहिती बदलण्याच्या जगभर ठरलेल्या वेळापत्रकावर) चालतात, दर २८ दिवसांनी गुरुवारी नवीन सायकल लागू. ॲप पुढची सायकल आधीच डाउनलोड करून ठेवतं, छान, पण गुरुवार उलटला तरी मी स्वतः बटण दाबेपर्यंत जुनाच चार्ट उघडतं, आणि तारीख कुठे तर खाली कोपऱ्यात, फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात!! सिम्युलेटरवर मी आख्खं ब्रीफिंग जुन्या चार्टवर केलं, मिस्ड अप्रोचच्या (उतरणं सोडून परत वर जाण्याच्या) होल्डची उंची नवीन चार्टवर बदललेली, मी जुन्या उंचीला लेव्हल होऊन आरामात फेऱ्या मारतोय. सर शांतपणे म्हणाले, "तारीख वाचलीस का?" नशीब ते सिम्युलेटर होतं. चूक माझीही आहे, मान्य, तारीख वाचणं पायलटचंच काम. पण मुदत संपलेला चार्ट उघडताना आडवी लाल पट्टी टाकायला काय जातं?

शिवाय नोटॅम (पायलटांसाठी निघणाऱ्या तातडीच्या सूचना) कुठेच जोडलेले नाहीत. दोन सायकलींच्या मधे मिनिमा (उतरताना किती खाली यायचं ती किमान मर्यादा) बदलला तर तो नोटॅमनेच कळतो, म्हणजे ताजा चार्ट असूनही काम अर्धंच. त्यामुळे चार्टसाठी मी आता हे ॲप उघडतच नाही, बऱ्याच देशांची एआयपी (चार्ट असलेली अधिकृत विमानवाहतूक माहितीपुस्तिका) सरकारी साइटवर फुकट मिळते, तिथून उतरवतो, पहिल्यांदा तारीख, मग नोटॅम, मगच प्लॅन व्ह्यू (चार्टवरचा वरून दिसणारा नकाशा).

सपोर्टला लिहिलंय की बाबांनो तारीख तेवढी मोठी करा. उत्तर आलं, तुमची सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे. त्यालाही आता दोन सायकली उलटल्या.