आठ महिने फिरलेली वाचनपेटी: काय वाचलं गेलं, काय पडून राहिलं

वयोगट ८ ते १२, पेटीत फक्त अद्भुत साहसकथा. आठ महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली: मलपृष्ठावर छापलेल्या वयावर भिस्त ठेवू नका. ते वय विषयाचं असतं, वाचणाऱ्याच्या दमाचं नव्हे.

हॅरी पॉटरच घ्या. मूळ ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग २२३ पानांचा, पाचवा ७६६ पानांचा. नायक दर भागात एकेका वर्षाने मोठा होतो. वाचणारा मात्र एका मे महिन्यात चौथ्या भागापर्यंत पोचतो, आणि त्याच्या शेवटी एका विद्यार्थ्याचा मृत्यू आहे. नऊ वर्षांच्या मुलाला पहिले तीन पुरेत. बाकीचे वर्षभराने. संच एकदम घेतलेला स्वस्त पडतो, कबूल, पण चार भाग माळ्यावर ठेवता येतात की! इंग्रजीतून वाचताना हर्मायनीच्या नावाशी मूल अडखळलं तर टोकू नका. तो उच्चार लेखिकेनेच चौथ्या भागात फोड करून दिलाय.

सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेच्या सात भागांत घोळ क्रमाचा. नव्या संचांवर १ आकडा असतो तो १९५५ च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या पुस्तकावर. सुरुवात १९५० च्या, कपाटवाल्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’पासूनच करा. बर्फातला तो एकटा दिव्याचा खांब तिथे कुठून आला, हे १९५५ चं पुस्तक सांगतं. ते आधी वाचलं की कोडंच संपलं.

टोल्किनचं ‘द हॉबिट’ सर्वांत जास्त वेळा अर्धवट परत आलं. पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके दारात येतात, नावं एकमेकांसारखी, मूल तिथेच गळतं. पहिलं प्रकरण मोठ्यांनी वाचून दाखवावं, नावं चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवावीत. पाचव्यातल्या अंधारातल्या कोड्यांपर्यंत पोचलं की पुस्तक हातातून सुटत नाही.

मराठीत भा. रा. भागवतांनी आणलेला ज्यूल व्हर्न आजही पळतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना गोष्ट कळते, नडतात जोडाक्षरं. पुस्तक घेण्याआधी मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्या. बोट पाचाहून जास्त वेळा मागे फिरलं तर ते पुस्तक सध्या ऐकण्याचं, वाचण्याचं नव्हे. प्रकरण दहा-बारा पानांचं असेल तर झोपण्याआधी एका बैठकीत संपतं. पंचवीस पानांची प्रकरणं मधेच तुटतात आणि दुसऱ्या दिवशी धागा सापडत नाही.

बांधणीकडे कुणी बघत नाही, आणि नेमकी तीच आधी जाते. पुस्तक वरून बघा: कण्यापाशी घड्यांचे गठ्ठे दिसले तर शिलाई, सपाट दिसलं तर नुसता गोंद. गोंदाची जाड पुस्तकं मुलं उताणी पडून, उलटी दुमडून वाचतात. मधली पानं सुटतातच. सुटलेल्या पानाच्या आतल्या कडेला फेव्हिकॉलची बारीक रेघ ओढून पान बसवा, रात्रभर वर वजन ठेवा. सेलोटेप नको. ती पिवळी पडते आणि काढायला गेलं की अक्षरांसकट कागद उचलते.