मीटर सहा मीटर पाणी दाखवत होता आणि बोटीचा पंखा दगडावर बसला

आमची बोट फायबरची, १६ फुटी, मागं ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन. मी आणि मावसभाऊ मिळून हिडकलच्या बॅकवॉटरला जाळी टाकतो, रोहू-कटला. आता हिडकल म्हणजे घटप्रभेवरचं ५१ टीएमसीचं धरण, भरलं की समुद्रच, पण उन्हाळ्यात पाणी असं उतरतंय की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. पाणी उतरत असतानाच खरा त्रास, जुने दगड, झाडांचे बुंधे वीतभर पाण्याखाली लपून बसलेले असतात. म्हणून खोली आणि स्पीड दाखवणारा सेन्सर बसवायचं ठरवलं. स्पीड अशासाठी की जाळं सोडताना बोट एका चालीनं चालायला पाहिजे, आणि पेट्रोलचा पण हिशेब लागतो.

मोबाईलवर एकाचा व्हिडिओ बघितला, फोन केला, गडी दुसऱ्या दिवशी बाइकवरनं घरी हजर. कन्नड-मराठी मिक्स, गोड बोलणारा. सगळं मिळून २७,५०० सांगितले, १५,००० आधी यूपीआय केले. बोट अंगणात ट्रॉलीवरच होती, त्यानं दीड तासात ड्रिल मारून सेन्सर मागच्या फळीला ठोकला, डिस्प्ले लावला, वायरी जोडल्या, आणि डिस्प्लेच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या दुकानाचा लाल स्टिकर चिकटवला. मग बटन दाबलं तर काय, खोली ६.२ मीटर, स्पीड ११, आणि खालनं मासे चाललेत! म्हणतो, "बघा की धनी, पाणी नसताना बी चालतंय, एवढं पॉवरफुल मशीन हाय."

आई चहा घेऊन आलती, तिनं स्क्रीन बघितली आणि विचारलं, अंगणात मासे कुठनं आले रे? आम्ही दोघं हसलो तिला. उरलेले १२,५०० तिथंच दिले. बिल? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो म्हणाला.

पहिले दोन-तीन आठवडे खोल पाण्यातच फिरलो त्यामुळं काय कळलं नाही. मग एका सकाळी काठाकडं जाळी काढायला गेलो, मीटर सहा मीटर दाखवतोय म्हणून मी निवांत, आणि खाडकन आवाज. पंखा दगडावर. इंजिन नुसतं गरगरतंय, बोट हलत नाही, पंख्याची पिन तुटलेली. मावसभाऊ खाली उतरला तर पाणी त्याच्या गुडघ्याला. आणि स्क्रीनवर अजून मासे चाललेलेच.

वेंगुर्ल्याकडचे एक मेस्त्री ओळखीचे, आंबोलीमार्गे आले बिचारे. त्यांनी आधी तो लाल स्टिकर नखानं उचकटला. खाली बारीक अक्षरात 'सिम्युलेटर'. म्हणजे दुकानात गिऱ्हाईकाला दाखवायचा जो डेमो असतो तो चालू ठेवून गडी गेलेला. सेन्सर आवाज पाण्यात सोडतो आणि तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरनं खोली काढतो, पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. ट्रॉलीवर हवेत तो काय मोजणार कपाळ! डेमो बंद केला तर खोलीच्या जागी नुसत्या रेघा, स्पीड शून्य.

मग एकेक निघत गेलं. सेन्सर जुना, केबल मधेच कापून टेपनं जोडलेली, ती कापायचीच नसते. स्पीड मोजायची चक्री पाण्याच्या रेट्यानं फिरते, पण तिचे फेरे ज्यावरनं मोजतात ती चुंबकंच गायब, मग मोजणार काय. बसवलेला पण पंख्याच्या अगदी शेजारी, जिथं सगळा फेसच. सगळ्यात वाईट म्हणजे पाण्याखालच्या भोकांना बाथरूमचं पांढरं सिलिकॉन भरलेलं, तिथनं पाणी आत मुरून फळीतलं प्लायवूड मऊ पडायला लागलेलं. त्या दुरुस्तीचा खर्च वेगळा, तो सांगत नाही, घरात अजून माहीत नाही.

मेस्त्रींनी नवीन सेन्सर पंख्यापासून ४० सेंटीमीटर लांब, उजव्या बाजूला लावला. आमचा पंखा मागनं बघितलं तर घड्याळासारखा फिरतो, त्यामुळं उजवीकडं पाती खाली जाते आणि फेस कमी. बोटीच्या तळापेक्षा अगदी थोडा खाली, आणि भोकांत पाण्याखाली चालणारं मरीन सीलंट. नंतर दोरीला दगड बांधला, मीटर-मीटरवर गाठी मारल्या आणि चार जागी खोली मोजून स्क्रीनशी जुळवली. पंखा सेन्सरपेक्षा ३० सेंटीमीटर खाली होता, तेवढं सेटिंगमध्ये वजा केलं. स्पीड मोबाईलच्या जीपीएसशी बघितला, चक्री ७.२ दाखवायची तिथं जीपीएस ९, म्हणून १.२५ चं करेक्शन टाकलं. कृष्णेसारख्या वाहत्या पाण्यात असाल तर एकदा वर एकदा खाली जाऊन सरासरी काढा, कारण चक्री पाण्यातला वेग दाखवते आणि जीपीएस जमिनीवरचा.

गड्याचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला लावला, पण पैसे जाऊन बरेच दिवस झालते, तो नंबर लगेच लावायचा असतो. १९१५ ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, पण हातात बिल नाही, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट.

परवा अंकलीला पाहुण्यांकडं गेलतो. कृष्णेच्या काठाला एकाची नवीकोरी बोट, ट्रॉलीवरच, डिस्प्ले चालू, मालक पोरांना मासे दाखवतोय. कोपऱ्यात लाल स्टिकर. मी काय बोललो नाही, पुढं होऊन नख लावलं.