थेंब की शेक?

कोरड्या डोळ्यांचे दोन पेशंट आमच्या घरात आहेत, आई आणि मी. तक्रार एकच: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, चरचरतं. औषधही बरेच महिने एकच होतं. आईला लिहून दिलेले ड्रॉप्स तिला मानवले म्हणून मीही मेडिकलमधून तेच आणले. तिला तास-दोन तास आराम पडायचा, मला जेमतेम दहा मिनिटं. शेवटी दोघींची नीट तपासणी झाली तेव्हा कळलं, की दुखणं एक नव्हतंच.

पहिली तपासणी कागदाच्या पट्टीची, शर्मर टेस्ट. खालच्या पापणीत पट्टी अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. आईची ३ मिलिमीटर भिजली. ५ मिलिमीटरच्या आत म्हणजे डोळ्यात पाणीच कमी. माझी १८. मग डोळ्यात केशरी रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं, पापणी न मिटता अश्रूंचा थर किती वेळ टिकतो ते. १० सेकंदांच्या आत तुटला तर शंका घ्यायची. माझा चौथ्या सेकंदाला तुटला. डॉक्टरांनी पापणीची कड हलकेच दाबली, तर तेलाऐवजी टूथपेस्टसारखं पांढरट काहीतरी बाहेर आलं.

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळाला धरून चिकटसर थर, त्यावर पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा बारीकसा तवंग. बरणीतल्या लोणच्यावर तेल असतं, हवा लागू नये म्हणून, तसंच हे. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या मेबोमियन ग्रंथींतून येतं आणि दर उघडझापीला डोळाभर पसरतं. स्क्रीनकडे बघताना आपण निम्म्यानेही पापण्या मिटत नाही, मिटल्या तरी अर्ध्यामुर्ध्या. तेल आतच साचतं, घट्ट होतं. मी दिवसभर मुद्रितं तपासते, त्यामुळे मला हे कुणी दोनदा समजवावं लागलं नाही. कोरड्या डोळ्यांच्या बहुतेक पेशंटांत या तेलाचा वाटा असतोच.

आता निवड. तुमच्या डोळ्यांतून वाऱ्यावर, गाडीवर घळाघळा पाणी येतं? सकाळी उठल्यावर जास्त खुपतं, पापण्यांना चिपडं असतात, रांजणवाडी पुन्हापुन्हा होते? मग संशय तेलावर. उलट त्रास दिवस चढेल तसा वाढत असेल, शिवाय तोंडही कोरडं पडून भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, संधिवात असेल, तर पाणी कमी असण्याची शक्यता धरा आणि डॉक्टरांना तोंडाचंही सांगा. डोळे आणि तोंड दोन्ही सुकवणारा शोग्रेन नावाचा आजार असाच पकडला जातो. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनीही डोळे सुकतात. पण हा अंदाजच. दोन्ही प्रकार एकत्र असलेले पुष्कळ जण असतात, आणि पट्टीची तपासणी पाच मिनिटांची आहे.

पाणी कमी असेल तर थेंब हाच मुख्य आधार. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के हे नेहमीचं. १ टक्क्याचं जाडसर, जास्त टिकतं पण काही वेळ धूसर दिसतं. जेल आणि मलम रात्रीसाठी, मलम घालून वाचायला बसू नका. खरा फरक मात्र प्रिझर्व्हेटिव्हमध्ये, म्हणजे औषध खराब होऊ नये म्हणून घातलेल्या रसायनात. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेले ड्रॉप्स स्वस्त पडतात, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे तर तेच रसायन डोळ्याचा पृष्ठभाग दुखावतं. काचबिंदूचे ड्रॉप्स आधीच चालू असतील तर या चार वेळांत तेही मोजायचे. अशांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, महाग असले तरी. फक्त बाटलीचं टोक पापणीला लावू नका. २०२३ साली अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमुळे चिवट जंतुसंसर्ग पसरला, काहींची दृष्टी गेली, काही दगावले. फोडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यायची, निम्मी उरली असली तरी. (आईला हे अजून पटलेलं नाही.)

तेलाचा दोष असेल तर शेक. थंडीत खोबरेल गोठलं की आपण बाटली कोमट पाण्यात ठेवतो, त्यातलाच प्रकार. साधारण ४० अंशांची ऊब मिटल्या पापणीवर पाच ते दहा मिनिटं टिकली पाहिजे, आणि इथेच सगळं फसतं. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो. मी सुती मोज्यात तांदूळ भरून पुरचुंडी केली आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, तिथे सोसली तरच डोळ्यावर. लगेच बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी कडेकडे हलकेच चोळायची, म्हणजे पातळ झालेलं तेल बाहेर येतं. मग कड पुसून घ्यायची. खर्च जवळपास शून्य, पण कंटाळा भरपूर. मला फरक जाणवायला महिना लागला, आणि मध्ये आठवडाभर सोडलं तर पहिले पाढे पंचावन्न.

थेंबांचा आराम लगेच, पण उसना. शेकाचा उशिरा, पण टिकाऊ. निव्वळ तेलाचा दोष असलेल्याने नुसते थेंब घालणं म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं. पाणी कमी असलेल्याने नुसता शेक घेतला तर हाती फारसं लागत नाही.

दोन्हींनी भागलं नाही तर पुढचं डॉक्टरांच्या हाती. सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स सूज कमी करतात, सुरुवातीला झोंबतात, आणि गुण यायला काही महिने लागू शकतात. पंधरा दिवसांत सोडणारे फुकट खर्च करतात. पाणी कमी असलेल्यांना अश्रू वाहून जाणाऱ्या छिद्रात बारीक बूच बसवता येतं. ओमेगा-३ च्या कॅप्सूल लोक हौसेने घेतात, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत त्या ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरल्या नाहीत.

लाली घालवणारे ड्रॉप्स मात्र घेऊ नका, सोडले की डोळे आणखी लाल होतात. मेडिकलवाल्याने परस्पर दिलेले स्टेरॉइडचे तर नकोतच, त्यांनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. गुलाबपाणी, मध, एरंडेल डोळ्यात घालायला सांगणारे शेजारी प्रेमळ असतात, पण त्या बाटल्या निर्जंतुक नसतात. आणि डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, नजर कमी झाली असेल तर थेंब आणि शेक दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा.

सध्या आई प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब सहा वेळा घालते, मी रात्री शेक घेते आणि जास्त काम असेल त्या दिवशी दोनदा थेंब. परवा माझी पुरचुंडी तिनेही मागितली. तुला त्याचा फारसा उपयोग नाही म्हटलं, तर म्हणाली, "नसू दे गं, बरं वाटतं." डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, घेऊ द्या, फक्त गरम जास्त नको.